मानशीचं दार तू पाहिलंयस, त्यांनी नाही

आदरणीय बाई,

मी गोव्यातल्या माशेलची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. एम. ए. इतिहासाचं एक सेमिस्टर करायला पोर्तुगालला, कुइंब्राला आले आहे. वर्ग सुरू होऊन अकरा दिवस झाले. पाच विषय घेतलेत, त्यातले चार पोर्तुगीजमधून. गोव्यात दोन वर्षं भाषा शिकले, गुणही चांगले होते, पण इथे प्राध्यापक बोलायला लागले की वाक्य कुठे सुरू झालं नि कुठे संपलं तेच कळत नाही. परवा सेमिनारमध्ये गावकारीच्या, म्हणजे गावाची जमीन गावकरांनी मिळून सांभाळायच्या जुन्या व्यवस्थेच्या, १५२६ च्या सनदेवर चर्चा होती. आमच्या घरी खाजनातली, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या जमिनीतली, शेती आहे, त्यामुळे विषय ओळखीचा वाटत होता. मध्येच प्राध्यापिकेने माझ्याकडे वळून विचारलं, "तू तर तिथलीच. तुला काय वाटतं?" मला घाम फुटला. "हो" म्हणाले आणि मान खाली घातली. त्यानंतरचे दोन तास मी चुकवले. तास थोडे आहेत, तरी सारखं मागे पडल्यासारखं वाटतं. झोप उडाली आहे, खोलीतच बिस्किटं खाते. आईला रोज सांगते, सगळं छान चाललंय. चवथीला तिने व्हिडिओवर गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी दाखवली, तेव्हा नेटवर्क नाही म्हणून फोन बंद केला आणि रडले. परत येऊ का?

— माशेलची एक मुलगी

बाय,

तुझा मेल आला त्याच रात्री मी दोन ओळी पाठवल्या होत्या: उद्याचा तास चुकवू नकोस, बाकीचं सविस्तर लिहिते. आता सविस्तर लिहिते, आणि सदरात लिहिते, कारण आपल्याकडची मुलं सेमिस्टरभरासाठी बाहेर पडली की थोड्याफार फरकाने हेच पत्र मला पुन्हा येतं.

परत येण्याचं आधी निकालात काढू. येऊ नकोस. निदान ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटेपर्यंत हा विषय मनात आणायचा नाही. त्या दिवशी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि गोवा साडेचारऐवजी साडेपाच तास पुढे होतो. तोवर तुला तिथे दीड महिना झालेला असेल, आणि कान तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. पोर्तुगालमधली माणसं बोलताना स्वर गिळतात. पुस्तकात सुटे सुटे दिसणारे शब्द त्यांच्या तोंडून एकमेकांत अडकून बाहेर पडतात. त्यात तुझं काही कमी पडलेलं नाही. वर्गात ब्राझीलची मुलं असतील, कुइंब्रात ती पुष्कळ असतात. त्यांचं बोलणं मोकळं, स्वर पुरे उच्चारणारं. सुरुवातीला त्यांच्या शेजारी बस, आणि तास संपला की "शेवटी काय म्हणाल्या गं?" असं सरळ विचार. नव्या देशात त्यांचीही धांदल उडालेली असते, ती हसणार नाहीत.

आता त्या सेमिनारबद्दल. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे.

आपल्याकडे बाईंनी प्रश्न विचारला की बाईंना उत्तर माहीत असतं. त्या आपली परीक्षा घेत असतात. उत्तर येत नसेल तर मान खाली घालून उभं राहायचं, बाई पुढच्या मुलीकडे वळतात. मी स्वतः तीस वर्षं शिकवलं, तेव्हा या सवयीला माझाही हात लागलेला आहे. गप्प बसलेल्या मुलीला आम्ही शहाणी म्हणत आलो. तिथल्या सेमिनारमध्ये मात्र गप्प बसलेलं माणूस वाचून आलेलं नाही असं धरतात, किंवा त्याला विषयात रस नाही असं. तू मर्यादा म्हणून गप्प राहिलीस हे त्या प्राध्यापिकेला कळायला मार्गच नाही.

आणि तिने विचारलं ते परीक्षा घ्यायला नव्हतंच. अफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने लिहवून घेतलेली ती सनद तिने कदाचित वीस वेळा वाचली असेल. गावकर कोण, त्यांचे हक्क काय, सरकारला देणं किती, हे सगळं तिला पाठ असेल. पण खाजनाच्या बांदावर ती उभी राहिली आहे का, याची मला शंका आहे. तू राहिली आहेस. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने मानशीचं, म्हणजे बांदातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटी लागली की तेच दार आतल्या पाण्याने उघडतं आणि पावसाचं जादा पाणी नदीला मिळतं, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. ओहोटीच्या वेळी त्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरायचा हक्क पावणीला, म्हणजे लिलावाला, निघतो, तो कोणाला मिळाला यावरून घरात झालेली बोलणी तू ऐकली असशील. पावसाळ्याआधी बांदाला खिंड पडली तर माती, पेंढा, दगड घेऊन सगळी वस्ती कशी धावते, हेही. गावकारी ही काय चीज होती ते कागदावरून समजायला माणसाची उमर जाते. तुला त्यातलं निम्मं शेणाने सारवलेल्या खळ्यात बसून आजोबांकडून मिळालेलं आहे. फक्त ते मराठी-कोंकणीत आहे, पोर्तुगीजमध्ये उतरलेलं नाही.

आणखी एक. ती सनद आजच्या तिसवाडी तालुक्यातल्या गावांची. तू कुंभारजुव्याच्या कालव्यापलीकडची, अंत्रूज महालातली, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातली. तुमचा महाल पोर्तुगीजांच्या हाती लागला तो अठराव्या शतकात. म्हणजे १५२६ साली तो कागद लिहिला जात होता तेव्हा तुमच्या गावावर त्यांची सत्ता नव्हती, आणि गावकारी तर तुमच्याकडेही होती. वर्गात एवढंच म्हणालीस, "हा कागद कालव्याच्या त्या बाजूचा आहे, मी या बाजूची, आणि आमच्याकडे असंच होतं," तरी पुढची वीस मिनिटं चर्चा त्यावर चालेल. चार वाक्यांत संपणारी गोष्ट आहे. ती चार वाक्यं आज रात्री वहीत पोर्तुगीजमध्ये लिही. व्याकरण चुकलं तरी चालेल. पुढच्या सेमिनारला पहिल्या दहा मिनिटांत हात वर कर आणि वहीत बघून वाच. हो, बघून वाचायला काहीच हरकत नाही. दहा मिनिटं म्हणते ती मोजून म्हणते. त्यानंतर बोलणाऱ्यांचा वेग वाढतो आणि नव्या माणसाला मध्ये शिरायला जागा मिळत नाही.

मी हे इतक्या ठामपणे का सांगते ते ऐक. खूप वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीवर मी लिस्बनला वर्षभर होते. पहिले पाच आठवडे मी शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. कळलं का? मान. जमेल का? मान. एके दिवशी प्राध्यापकांनी वर्गात कोणी कधी सादरीकरण करायचं ते वाटून दिलं. माझ्या वाट्याला आलेल्या वाक्यात मला "तेर्सा" एवढा एकच शब्द ऐकू आला. तेर्सा म्हणजे तिसरी. मी समजले, पुढच्या महिन्याची तीन तारीख. वहीत लिहून ठेवलं, मान डोलावली. पोर्तुगीजमध्ये वारांना आकडे असतात हे मला माहीत होतं, रविवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, पण त्या गडबडीत ते डोक्यात आलंच नाही. येत्या मंगळवारी माझं नाव पुकारलं गेलं आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळला. टेबलावर माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला होता. माझ्याकडे एक ओळही तयार नव्हती. मला आजही तो पेला दिसतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोडक्या भाषेत मोठ्याने म्हणाले, "मला समजलं नव्हतं. मी पाच आठवडे समजल्यासारखं करत होते." सर काही रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंस?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

तुझे अकराच दिवस गेलेत. म्हणून आज रात्रीच त्या प्राध्यापिकेला मेल कर. लांबलचक नको, घरची कहाणी नको, माफीचा पाढा तर नकोच. मी गोव्याहून आलेली विद्यार्थिनी, मागच्या दोन तासांना गैरहजर होते, बोललेलं पोर्तुगीज समजायला मला अजून वेळ लागतो, आपल्या भेटीच्या वेळेत दहा मिनिटं यायला मिळेल का. बस. सुरुवातीला "प्रोफेसोरा" लिही, नावाने हाक मारू नकोस. जर्मनी-हॉलंडकडे गेलेल्या तुझ्या मैत्रिणी सांगतील की तिथे सगळे एकेरी नावाने बोलतात, पण पोर्तुगालमध्ये विद्यापीठात पदवीचा मान अजून राखतात, आणि ते आपल्याला अवघडही जात नाही. प्रत्येक प्राध्यापकाचे विद्यार्थ्यांना भेटायचे तास ठरलेले असतात, त्याला तिथे "आतेंदिमेंतु" म्हणतात. आपल्याकडे स्टाफरूमच्या दाराशी ताटकळत उभं राहायची सवय असते, त्यामुळे आपली मुलं या तासांना जातच नाहीत. तू जा. तो वेळ तुझ्यासाठीच राखून ठेवलेला आहे. भेटीत दोन प्रश्न विचार: या विषयात काय वाचणं अटळ आहे, आणि माझा निबंध इंग्रजीत लिहिलेला चालेल का. पुष्कळ जण चालेल म्हणतात. पण विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

अभ्यासाचा हिशेब तुझा चुकतोय असं मला पत्रावरून वाटलं. तू लिहितेस, तास थोडे आहेत आणि तरी सारखं मागे पडल्यासारखं वाटतं. युरोपातलं क्रेडिट हे वर्गातल्या तासांवर मोजत नाहीत, विद्यार्थ्याच्या एकूण कामावर मोजतात. पोर्तुगालमध्ये एक क्रेडिट म्हणजे २५ ते २८ तासांचं काम. सहा क्रेडिटचा एक विषय धरलास तर निदान दीडशे तास झाले, आणि त्यातला मोठा वाटा वर्गाबाहेरचा, वाचनाचा नि लिहिण्याचा. पाच विषय म्हणजे ३० क्रेडिट, पूर्णवेळ सेमिस्टर. म्हणून वेळापत्रकात रिकामी दिसणारी दुपार रिकामी नसते, ग्रंथालयाची असते. प्राध्यापक प्रत्येक तासाचं दोन-चार ओळींचं टिपण वेबसाइटवर टाकतात, त्याला "सुमारियु" म्हणतात. चुकलेल्या दोन तासांचं ते आधी वाच. पुढच्या तासाआधी नेमून दिलेल्या मजकुराची सगळी पानं नाही झाली तरी पहिली पाच नीट वाच, अडलेले शब्द वहीत काढ. ओळखीचा एक शब्द कानावर पडला की आजूबाजूचं वाक्य आपोआप सुटायला लागतं. विषयाचं मूल्यमापन सेमिस्टरभर चालणार आहे की शेवटच्या परीक्षेवर, हेही याच आठवड्यात पाहून घे. तुला सेमिस्टरभराचं सोयीचं. जानेवारीत एकाच कागदावर नशीब टांगून ठेवू नकोस. नापास झालीसच तर "रेकुर्सु" नावाची दुसरी संधी असते, एवढं लक्षात असू दे आणि विसरून जा.

गुणांचंही आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिला निकाल आला की पुन्हा रडशील. तिथे गुण वीसपैकी. दहाला पास. चौदा मिळाले तर ते चांगले गुण आहेत. चौदा भागिले वीस करून "सत्तर टक्केच!" म्हणून कपाळाला हात लावायचा नाही. अठराच्या पुढे गुण देताना तिथले प्राध्यापक फार हात आखडतात.

लिहिताना एक गोष्ट कटाक्षाने सांभाळ. आपल्याकडे नोट्समधला उतारा जसाच्या तसा उतरवला तर मेहनत केली म्हणतात. तिथे दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हाशिवाय आणि पानाच्या क्रमांकाशिवाय घेतलं तर ती चोरी ठरते, आणि पाहुणी विद्यार्थिनी म्हणून सूट मिळत नाही. स्वतःच्या मोडक्या वाक्यातला निबंध दुसऱ्याच्या सुंदर वाक्यांपेक्षा हजारपटीने सुरक्षित.

कागदपत्रांचं थोडक्यात. पाचांपैकी एखादा विषय फारच अवघड वाटत असेल तर तो सोडून त्याजागी परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा पोर्तुगीज भाषेचा वर्ग मिळतो का बघ. कुइंब्रात परदेशी लोकांना भाषा शिकवायची परंपरा जुनी आहे. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. पण विषय तोंडी बदलायचा नसतो. तू निघण्यापूर्वी तिथे कुठले विषय घेणार याचा जो करार (लर्निंग ॲग्रीमेंट) झाला त्यावर तुझी, इथल्या विद्यापीठाची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तीन सह्या आहेत. बदललेल्या विषयालाही त्याच तीन सह्या लागतात, आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच उरकावं लागतं. आधी इथल्या तुझ्या विभागाकडून मेलवर लेखी घे की नव्या विषयाचे क्रेडिट धरले जातील. फोनवरच्या "हो हो, होईल" वर विसंबू नकोस. परत आल्यावर या क्रेडिटपायी अडकून राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीला आणि व्हिसाला किती क्रेडिट लागतात तेही विषय सोडण्याआधी पाहा. आणि प्रत्येक विषयाचं माहितीपत्रक, ज्यात अभ्यासक्रम, तास नि क्रेडिट असतात, ते आत्ताच उतरवून जपून ठेव. सहा महिन्यांनी वेबसाइटवर ते तसंच असेल याची खात्री नसते.

जेवणाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मला ती खटकली: "खोलीतच बिस्किटं खाते." विद्यापीठाच्या कँटीनमध्ये जा. गरम सूप, एक पदार्थ, पाव, असं ताट विद्यार्थ्यांना परवडेल अशा दरात मिळतं. सोमवार पाळत असशील तरी अडचण नाही. २०१७ सालच्या कायद्याने तिथल्या सार्वजनिक कँटीनमध्ये शाकाहारी पर्याय ठेवणं बंधनकारक आहे. ताट घेतलंस की कोपऱ्यातलं टेबल धरू नकोस, वर्गातल्या कोणाच्या तरी समोर जाऊन बस. टेबलाला ती मेझा म्हणतील, खिडकीला जनेला, चमच्याला कुल्येर, म्हणजे आपल्या कोंकणीतले मेज, जनेल, कुलेर, आणि तुला एकदम आजीच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं होईल. भाषेची भीती तिथे थोडी कमी होते, माझी झाली होती. काळे झगे घातलेली मोठी मुलं नव्या विद्यार्थ्यांना घोळक्याने फिरवताना दिसतील. ती तिथली जुनी प्रथा आहे, पण तिच्यात भाग घेणं ऐच्छिक असतं. नको वाटलं तर नको म्हणायचं.

झोप अशीच उडालेली राहिली, सकाळी अंथरुणातून उठवेना झालं, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. ताप आला तर डॉक्टरकडे जातो तसं. हे सांगताना मी हातचं काही राखून ठेवत नाहीये. यात उशीर करू नकोस.

आता आई. तिला खरं सांग. तुझ्या आईने माटोळी दाखवायला मोबाईल हातात धरून तो कसा वर केला असेल, सुपारीचा शिपटा (घड) नि रानातली फळं कुठे बांधलीत ते तुला दिसावं म्हणून ती स्टुलावरसुद्धा चढली असेल, मला डोळ्यांसमोर दिसतं. नेटवर्क गेलं यावर तिचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही. आयांना कळतं. "वर्गात मला अजून बोलता येत नाही, पण मी जातेय" एवढं सांगितलंस तरी तिचा जीव भांड्यात पडेल, आणि रोज छान छान सांगण्यात तुझी जी ताकद जातेय ती वाचेल. फोनची वेळ ठरव. तिथली दुपारची साडेचार म्हणजे आता इथले रात्रीचे नऊ, तिची भांडी आवरून झालेली असतात. दिवसाला एकच फोन, वीस मिनिटं. दिवसभर कानाला घर लावून बसलीस तर तिथली भाषा आत शिरणार कशी?

उद्याच्या फोनवर मात्र आईकडून आजोबांना बोलावून घे. मानशीची दारं कुठल्या लाकडाची करतात, किती वर्षं टिकतात, पावणीचे पैसे कशावर खर्च व्हायचे आणि बांद फुटला की आधी कोणाला बोलवायचे, हे चार प्रश्न त्यांना विचार. भावाला सांग, ओहोटीच्या वेळी जाऊन दाराचा फोटो काढून पाठव म्हणून. तो फोटो सेमिनारला घेऊन जा, आणि काय झालं ते मला कळव. लाकडाचं उत्तरही कळव, मलाही ते ठाऊक नाही.

तुझी,
बाई